कांद्याचा बाहेरचा पापुद्रा

आईला विस्मरणाचा आजार जडला तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण काही ना काही औषध सुचवून जायचा. एका नातेवाइकाने क्वेर्सेटिनच्या गोळ्यांची बाटली आणून दिली. आई माणसांची नावं विसरू लागली होती, पण कांदा चिरणं तिच्या हातात शाबूत होतं. वाळकं साल काढायची, मग त्याखालचा जाड जांभळा पापुद्राही टाकून द्यायची. त्या बाटलीतला पदार्थ कांद्यात सर्वाधिक असतो तो तिथेच, सालात आणि सालालगतच्या पापुद्र्यांत. गाभ्याकडे जावं तसा तो कमी होत जातो.

क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइडांच्या मोठ्या कुळातलं. ऊन आणि रोग यांपासून बचावासाठी झाडं ही रसायनं बनवतात. जांभळाचा रंग, चहाचा तुरटपणा, पपनसाचा कडवटपणा ही त्यांचीच करणी. हळदीतलं कर्क्युमिन मात्र या कुळातलं नाही, पुष्कळांचा तसा समज असला तरी. १९३६ साली हंगेरीत आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी लिंबू आणि पाप्रिका मिरचीतल्या अशा घटकांना ‘जीवनसत्त्व पी’ म्हटलं. ते जीवनसत्त्व ठरलं नाही. नाव मागे पडलं, कुतूहल राहिलं.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. स्पेनच्या पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची वेगळी ओळख पटवली. बारीक फांद्या हलवत त्या सतत आसपासचा भाग चाचपतात. मेलेली पेशी, जंतू किंवा साचलेलं प्रथिन लागलं की फांद्या आखडून घेतात, अंग फुगवतात आणि दाह पेटवणारी रसायनं सोडतात. काम झाल्यावर हा जाळ विझायला हवा. अल्झायमर, पार्किन्सनमध्ये तो वर्षानुवर्षं धुमसत राहतो आणि शेजारच्या धडधाकट चेतापेशीही त्यात होरपळतात.

इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली जिवाणूंच्या आवरणातला घटक घालून प्रयोगशाळेच्या बशीतल्या या पेशींना मुद्दाम चिथवलं. सेलरी, ढोबळी मिरचीतलं ल्युटिओलिन हे फ्लॅव्होनॉइड आधी दिलं असेल तर ‘पेटव’ हा निरोप पेशीच्या आतच अडायचा आणि इंटरल्युकिन-६ हे दाहक रसायन कमी बनायचं. पिण्याच्या पाण्यातून ल्युटिओलिन दिलेल्या उंदरांत, स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्येही तोच परिणाम दिसला.

पण बशीतल्या पेशीला आतडं नसतं, यकृत नसतं. कांद्यात क्वेर्सेटिन साखरेच्या रेणूला बांधलेलं असतं. १९९५ साली नेदरलँड्समध्ये, मोठं आतडं काढलेल्या नऊ जणांवर केलेल्या अभ्यासात कांद्यातलं सुमारे ५२ टक्के क्वेर्सेटिन शोषलं गेलं. तेच शुद्ध रूपात दिलं तेव्हा २४ टक्के. शोषल्यावरही आतड्याची भिंत आणि यकृत त्याला दुसरे रेणू चिकटवून त्याचं रूप पालटतात. रक्तात उरणारी मात्रा बशीतल्या प्रयोगांच्या मानाने अगदीच थोडी, आणि तिथून मेंदूत शिरणं आणखी अवघड. हे वाचलं तेव्हा मी ती बाटली कपाटात ठेवून दिली.

माणसांवरच्या चाचण्यांतून आणखी एक गोष्ट कळली. अमेरिकेत ज्येष्ठांना तीन वर्षं रोज ५०० मिलिग्रॅम कोको-फ्लॅव्हॅनॉल, म्हणजे कोकोतले याच कुळातले घटक, दिले. २,२६२ जणांच्या एका अभ्यासात एकूण बौद्धिक क्षमतेत फायदा दिसला नाही. ३,५६२ जणांच्या दुसऱ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२३ साली आला: स्मरणशक्ती सुधारली ती मुख्यतः ज्यांच्या जेवणात हे घटक आधीपासूनच तुटपुंजे होते त्यांची. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण तो ताटातल्या उणिवेवर बोट ठेवतो. या चाचण्या विस्मरणाच्या रुग्णांवर नव्हत्या, हेही मला स्वतःला पुन्हा पुन्हा बजावावं लागलं. आईचा गेलेला काळ कांद्याने परत येणार नव्हता. पण माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, आणि तिला कांदा ताटातून वेचून बाजूला काढायची सवय आहे.

आता आई चिरायला बसली की मी शेजारी बसते. तिने टाकलेले जांभळे पापुद्रे उचलते, धुते आणि बारीक चिरून आमटीच्या फोडणीत घालते. उकळताना जे पाण्यात उतरतं ते रश्शातच राहतं. ती माझ्याकडे बघते आणि विचारते, ‘‘अगं, हे टाकायचं ना?’’ मी रोज ‘‘नाही आई’’ म्हणते, आणि ती रोज नव्याने मान डोलावते.