वाळुंजाचे गाव

युरोप खंडाच्या मध्यभागी स्लोव्हेनिया नावाचा एक चिमुकला देश आहे. त्याची लोकसंख्या अवघी एकवीस लक्षांच्या आसपास. या देशाच्या उत्तरेस, कारावांके पर्वताच्या पायथ्याशी, व्हर्बा हे लहानसे खेडे वसलेले आहे. स्लोव्हेनियन भाषेत 'व्हर्बा' म्हणजे वाळुंजाच्या जातीचे झाड. गावाच्या पाठीशी २,२३६ मीटर उंचीचे स्टोल शिखर उभे आहे, आणि पुढे हिरवी कुरणे पसरली आहेत.

गावाच्या मधोमध 'लिपा' नावाचा एक जुना वृक्ष आहे. त्याची पाने हृदयाच्या आकाराची असतात. या वृक्षाभोवती सोळा शिळा वर्तुळाकार मांडलेल्या आहेत. पूर्वी गावात शेतकऱ्यांची सोळा घराणी होती आणि प्रत्येक घराण्याची एक शिळा ठरलेली असे. गावकीचे प्रश्न निघाले की घरोघरचे कर्ते पुरुष आपापल्या शिळेवर बसून विचारविनिमय करीत.

याच गावी एका शेतकऱ्याच्या घरी ३ डिसेंबर १८०० रोजी फ्रान्त्से प्रेशेरेन याचा जन्म झाला. शिक्षणासाठी आठव्या वर्षीच त्याला घर सोडावे लागले. पुढे व्हिएन्ना येथे त्याने कायद्याची सर्वोच्च पदवी मिळविली. त्या काळी स्लोव्हेनियावर ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे राज्य होते. कचेऱ्यांत व विद्यालयांत जर्मन भाषेला मान होता. स्लोव्हेनियन ही केवळ शेतकऱ्यांची बोली, तीत उच्च काव्य कसे लिहिता येणार, असे अनेक सुशिक्षितांना वाटे. प्रेशेरेनला जर्मन उत्तम येत होती. तरीही आपले श्रेष्ठ काव्य त्याने मातृभाषेतच रचले. लहानपणी सोडलेल्या आपल्या गावावरही त्याने एक सुनीत लिहिले. ज्ञानाच्या ओढीने आपण या शांत गावापासून दुरावलो, ही खंत त्यात व्यक्त झाली आहे.

८ फेब्रुवारी १८४९ रोजी क्रान या गावी हा कवी निधन पावला. १८५६ साली व्हर्बा गावात आग लागून त्याच्या जन्मघराचे मोठे नुकसान झाले. पुढे ते दुरुस्त करण्यात आले. पण खाजगी मालकीचे जुने घर किती काळ टिकणार? ही चिंता फ्रान सालेश्की फिंझगार या लेखकास वाटू लागली. तो शेजारच्याच दोस्लोव्हचे गावचा. हे घर विकत घेऊन जतन करावे, अशी हाक त्याने दिली. त्या हाकेला शाळांतील मुलांनी ओ दिली! देशभरातील विद्यार्थ्यांनी आपापल्या परीने पैसे जमा केले, आणि १९३९ साली ते घर संग्रहालय म्हणून सर्वांसाठी खुले झाले. धुराने काळवंडलेले जुने स्वयंपाकघर तेथे आजही पाहावयास मिळते. कवीचा पाळणाही तेथे जपून ठेवला आहे.

शेतकऱ्यांची बोली म्हणून जिची हेटाळणी झाली, त्या भाषेचे पुढे काय झाले? १९८९ साली स्लोव्हेनियाच्या विधिमंडळाने प्रेशेरेनच्याच एका कवितेतील कडवे राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले. सर्व राष्ट्रांनी कलह सोडून शेजारधर्माने नांदावे, अशी इच्छा त्यात आहे. १९९१ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा स्लोव्हेनियन त्याची राज्यभाषा ठरली. कवीचा स्मृतिदिन, ८ फेब्रुवारी, तेथे संस्कृतीचा राष्ट्रीय सण म्हणून पाळला जातो.

व्हर्बा गावात राजवाडा नाही, की किल्ला नाही. एक वृक्ष, सोळा शिळा आणि शेतकऱ्याचे एक घर, एवढेच त्याचे वैभव. परंतु ते घर राखण्यास मुलांचे लहान लहान हात पुढे आले, म्हणूनच ते वैभव आज डोळ्यांनी पाहता येते.