‘ताठ बस’ म्हणून न सुटणारा बाक

पाठीला आलेला प्रत्येक बाक हा सवयीचा दोष नसतो. कोणता बाक व्यायामाने जातो आणि कोणत्या बाकासाठी वेळ न दवडता डॉक्टरांकडे जायला हवे, हे ओळखणे कठीण नाही.

‘ताठ बस!’ मराठी घरांत मुलांच्या कानांवर वारंवार पडणाऱ्या सूचनांमध्ये या दोन शब्दांचा क्रमांक बराच वरचा लागेल. अभ्यास करताना किंवा टीव्ही पाहताना पोक काढून बसलेल्या मुलाच्या पाठीवर आजीचा हात पडतो, मूल क्षणभर ताठ होते आणि पाच मिनिटांनी पुन्हा वाकते. बहुतेक घरांत ही गोष्ट तेथेच संपते. परंतु काही मुलांची पाठ कितीही सांगितले तरी सरळ होत नाही, कारण ती सरळ होऊच शकत नाही. त्यांचा बाक स्नायूंच्या कंटाळ्यातून आलेला नसून मणक्यांच्या रचनेतच उतरलेला असतो. अशा मुलांना आळशी ठरवून दटावण्यात जी दोन-तीन वर्षे जातात, नेमकी तीच उपचारासाठी मोलाची असतात.

कणा मुळातच सरळ नसतो

‘ताठ कणा’ हा शब्दप्रयोग भाषेत रूढ असला तरी निरोगी माणसाचा कणा बाजूने पाहिल्यास सरळ काठीसारखा नसतो. मानेत तो पुढे झुकतो, छातीच्या भागात मागे, कमरेत पुन्हा पुढे आणि माकडहाडाकडे पुन्हा मागे. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके व त्यांखालील एकमेकांना जुळलेली हाडे मिळून हा कणा बनतो. दोन मणक्यांच्या मध्ये कूर्चेची गादी असते. चालताना आणि उडी मारताना बसणारे धक्के या गाद्या व ही वळणे मिळून झेलतात.

ही सर्व वळणे जन्मतः नसतात. गर्भात बाळाची पाठ इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी एकाच दिशेने वाकलेली असते. तीन-चार महिन्यांचे बाळ मान धरू लागते तेव्हा मानेचे वळण ठळक होऊ लागते आणि वर्षाच्या आसपास ते उभे राहून पावले टाकू लागते तेव्हा कमरेचे. माणूस दोन पायांवर उभा राहिला त्याची ही खूण आहे.

थोडक्यात, वळण असणे हा विकार नव्हे. ते प्रमाणाबाहेर वाढणे, नाहीसे होणे किंवा भलत्याच दिशेला जाणे हा विकार. छातीच्या भागातील मागचा बाक साधारणपणे २० ते ४५ अंशांपर्यंत स्वाभाविक समजला जातो. त्यापुढे गेल्यास त्याला ‘कायफोसिस’, म्हणजे रूढ भाषेत पोक किंवा कुबड म्हणतात. कमरेचा पुढचा बाक वाढल्यास ‘लॉर्डोसिस’. पोट सुटलेल्या किंवा पोटाचे स्नायू सैल पडलेल्या व्यक्तींमध्ये, तसेच गरोदरपणात तो ठळक दिसतो. कणा डावी-उजवीकडे झुकल्यास ‘स्कोलिओसिस’. क्ष-किरण चित्रावर हे कोन मोजण्याची पद्धत जॉन कॉब या अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये मांडली आणि ती आजही जगभर वापरली जाते.

सवयीचा बाक, हाडाचा बाक

पोक काढून बसणाऱ्या मुलाला पोटावर पालथे झोपवून छाती किंचित उचलायला सांगितले आणि पाठ सपाट झाली, तर तो बाक बहुधा सवयीचा असतो. उंची झपाट्याने वाढल्यामुळे संकोचणाऱ्या मुलांत आणि वयात येणाऱ्या मुलींत तो सर्रास दिसतो. पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, पोहणे, मैदानी खेळ आणि थोडा धीर यांनी तो बहुतांशी सुधारतो.

पालथे झोपूनही उंचवटा तसाच राहिला तर मात्र शंका घ्यावी. डेन्मार्कचे डॉक्टर होल्गर शॉयरमन यांनी १९२० च्या सुमारास वर्णन केलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा विकार किशोरवयात होतो. त्यात लागोपाठचे मणके पुढच्या बाजूने कमी वाढतात आणि पाचरीसारखे होतात. विटांच्या जागी पाचरी रचल्यास भिंत वाकणारच. असे मूल ताठ बसत नाही यात त्याचा दोष नसतो.

बाजूला झुकणारा कणा

सर्वांत जास्त गैरसमज आहेत ते स्कोलिओसिसबद्दल. त्याची सुरुवात सहसा दुखण्याने होत नाही, त्यामुळे तो लवकर लक्षात येत नाही. अनेकदा शिंप्याकडे माप देताना एक खांदा वर असल्याचे दिसते, किंवा गणवेशाचा घेर एका बाजूने खाली उतरतो. तोवर बाक बराच वाढलेला असू शकतो.

दहा अंशांपेक्षा अधिक बाजूच्या बाकाला स्कोलिओसिस म्हणतात. किशोरवयीन मुलांपैकी दोन ते तीन टक्क्यांमध्ये तो आढळतो. लहान बाक मुलगे व मुली दोघांतही असतात, पण तो वाढत जाण्याचे प्रमाण मुलींमध्ये कितीतरी अधिक आहे. बहुसंख्य रुग्णांत नेमके कारण सापडत नाही. आनुवंशिकतेचा वाटा मात्र निश्चित आहे. एका खांद्यावर दप्तर अडकवल्याने, कुशीवर झोपल्याने किंवा वाकडे बसल्याने हा विकार होतो, असा पुरावा नाही. तेव्हा ‘आमचेच लक्ष नव्हते’ ही आईवडिलांची खंत निराधार असते आणि ‘तुझ्याच सवयी वाईट’ हा मुलीवरील ठपका तर अन्यायकारक.

दप्तराचे ओझे हा स्वतंत्र प्रश्न आहे. जड दप्तराने मूल पुढे झुकते, खांदे व पाठ दुखते, हे खरेच. म्हणूनच महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये आणि केंद्राच्या २०२० च्या धोरणानेही दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगितले. मात्र दप्तर हलके केले म्हणून स्कोलिओसिस थांबत नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

तो थांबवण्याची खरी संधी उंची वाढण्याच्या काळात असते. मुलींची उंची पाळी सुरू होण्याच्या आधीच्या काळात सर्वांत वेगाने वाढते आणि बाकही त्याच वेळी झपाट्याने वाढतो. वीस-पंचवीस अंशांपर्यंत केवळ ठरावीक काळाने तपासणी पुरते. त्यापुढे साधारण चाळीस अंशांपर्यंत, हाडांची वाढ शिल्लक असल्यास, शरीराच्या मापाचा प्लास्टिकचा पट्टा दिला जातो. अमेरिका व कॅनडातील रुग्णालयांत झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांमध्ये वाढ पूर्ण होईपर्यंत बाक शस्त्रक्रियेच्या टप्प्यापर्यंत गेला नाही. नुसत्या देखरेखीखालील मुलांत हे प्रमाण ४८ टक्के होते. पट्टा जितके जास्त तास, तितका फायदा अधिक, असेही त्यात दिसून आले. मुंबई-कोकणच्या दमट उन्हाळ्यात गणवेशाखाली रोज अठरा तास पट्टा बांधणे सोपे नाही. त्यासाठी घरच्यांची आणि वर्गशिक्षकांची साथ लागते.

वाढ थांबल्यावर पट्ट्याचा उपयोग उरत नाही. तीस अंशांखालील बाक पुढे सहसा वाढत नाहीत. पन्नास अंशांपुढचे मात्र वर्षाला साधारण एक अंशाने वाढत राहतात. छातीतील बाक सत्तर-ऐंशी अंशांपुढे गेल्यास फुप्फुसांना जागा अपुरी पडून दम लागू लागतो. अशा वेळी धातूच्या सळया व स्क्रू बसवून कणा सावरण्याची शस्त्रक्रिया करावी लागते.

कुबडामागचा क्षयरोग

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, त्यामुळे आपल्याकडे कुबडाचे आणखी एक कारण विसरून चालत नाही. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये वर्णन केलेला मणक्याचा क्षय आजही आढळतो. क्षयाचे जंतू रक्तावाटे मणक्यात पोहोचतात, त्याचा पुढचा भाग पोखरतात, मणका ढासळतो आणि पाठीवर टोकदार उंचवटा येतो. मज्जारज्जूवर दाब आल्यास पायांतील शक्तीही जाऊ शकते. महिनोन्‌महिने न थांबणारी आणि रात्री वाढणारी पाठदुखी, संध्याकाळी अंगात कणकण, घटते वजन, मंदावलेली भूक ही याची लक्षणे. नुसत्या मालिशवर आणि वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढणे येथे घातक ठरते. वेळीच निदान झाल्यास साधारण वर्षभराच्या औषधांनी बहुतेकांचा रोग बरा होतो आणि राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ही औषधे विनामूल्य मिळतात.

तरुणांमधील आणखी एक विकार म्हणजे ‘अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस’. यात सकाळी उठताना कंबर अर्धा तास वा अधिक आखडलेली असते आणि नेहमीच्या पाठदुखीच्या उलट, विश्रांतीने वाढते व हालचालीने कमी होते. दुर्लक्ष केल्यास मणके एकमेकांना जुळून पाठ वाकलेल्या स्थितीतच कायमची ताठरते.

आजी ‘लहान’ का होते?

म्हातारपणी पाठ वाकायचीच, असे समजून घरातील ज्येष्ठांच्या पोकाकडे दुर्लक्ष होते. अनेकदा ते अस्थिभंगाचे लक्षण असते. पाळी थांबल्यानंतर हाडे वेगाने ठिसूळ होतात. पाण्याची बादली उचलताना, कधी नुसत्या जोराच्या शिंकेनेही मणका पुढच्या बाजूने चेपतो. दुखले तरी ‘उसण भरली’ म्हणून सोडून दिले जाते. कित्येकदा दुखतही नाही. असे दोन-तीन मणके चेपले की उंची घटते आणि पाठीला बाक येतो. फासळ्या खाली सरकल्याने थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते, श्वास अपुरा पडतो, तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. एक मणका चेपला की दुसरा चेपण्याची शक्यताही वाढते. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरहून अधिक कमी झाली असेल तर हाडांची घनता तपासून घ्यावी. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, नियमित चालणे आणि गरजेनुसार औषधे यांनी पुढचे अस्थिभंग टाळता येतात.

मोबाइल आणि मान

न्यूयॉर्कमधील एका मणकाशल्यविशारदाने २०१४ मध्ये गणिती प्रारूपावरून असे मांडले, की साधारण पाच किलोचे डोके साठ अंश पुढे झुकले की मानेवरचा भार सत्तावीस किलोंपर्यंत जातो. हा आकडा जगभर गाजला. परंतु तो गणिताने काढलेला भार आहे, प्रत्यक्ष रुग्णांतील इजा नव्हे. २०१८ मध्ये ब्राझीलमधील १८ ते २१ वयोगटातील तरुणांच्या अभ्यासात मोबाइल पाहतानाची मानेची ठेवण व मानदुखी यांचा संबंध आढळला नाही.

मग वाकून बसावे का? तसेही नाही. मणक्यांमधील गाद्यांना थेट रक्तपुरवठा जवळपास नसतो; त्यांचे पोषण हालचालींवर अवलंबून असते. त्यामुळे खरा अपाय एकाच स्थितीत तासन्‌तास खिळून राहण्याचा आहे, मग ती स्थिती ताठ असो वा वाकडी. अर्ध्या-पाऊण तासाने उठावे, चार पावले चालावे, लॅपटॉपचा पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणावा, स्वयंपाकाच्या ओट्याची उंची आपल्या उंचीला साजेशी असावी, इतके पथ्य पुरेसे आहे.

दोन मिनिटांची तपासणी

दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांची पाठ पालकांनी सहा महिन्यांतून एकदा उघड्या अंगाने पाहावी. मुलीची तपासणी आईने करावी. पावले जुळवून, गुडघे न वाकवता, दोन्ही तळवे एकत्र धरून मुलाला कमरेतून पुढे वाकायला सांगावे आणि मागून पाहावे. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, किंवा उभे असताना एक खांदा, खांद्याचे पाते वा कंबर वर दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. विल्यम अॅडम्स यांनी १८६५ मध्ये सांगितलेल्या या तपासणीला ना यंत्र लागते, ना खर्च.

दुखणारी पाठ स्वतःकडे लक्ष वेधून घेते. न दुखता वाकणारी पाठ मात्र कोणीतरी पाहावी लागते. पुढच्या वेळी ‘ताठ बस’ म्हणण्याआधी मुलाच्या पाठीकडे एकदा नीट पाहिले, तरी हे काम झाले.