बॅटरी ७५ टक्के म्हणजे नक्की किती?

लॅपटॉपच्या कोपऱ्यात ‘७५ टक्के, ३ तास शिल्लक’ असं दिसतं. आपण दोन्ही आकडे सारख्याच विश्वासाने वाचतो. पण हे आकडे कुठून येतात ते पाहिलं, तर मोजमाप आणि अंदाज यांतला फरक छान समजतो. संशोधनाकडे वळणाऱ्यांना तो पुढे रोज लागणार आहे.

आधी हार्डवेअर काय सांगतं ते बघू. १९९६ साली आलेल्या एसीपीआय या मानकानुसार फर्मवेअर मुख्यतः पाच गोष्टी कळवतं: बॅटरीची मूळ क्षमता, शेवटच्या पूर्ण चार्जला भरलेली क्षमता, आत्ता उरलेली क्षमता, व्होल्टेज आणि खर्चाचा दर. टक्केवारी यात नाहीच. शिवाय एककही एकच नाही. काही लॅपटॉप मिलीवॉट-तासात बोलतात, काही मिलीअँपिअर-तासात.

आता समजा, ही माहिती प्रोग्रामपर्यंत पोचवणारा इंटरफेस तुम्हाला डिझाइन करायचाय. पहिला मोह होतो तो सगळं एकाच एककात आणण्याचा. अँपिअर-तासाला व्होल्टेजने गुणलं की वॉट-तास मिळतात, मग अडचण काय? अडचण अशी, की लिथियम-आयन सेलचं व्होल्टेज पूर्ण चार्जला ४.२ च्या आसपास असतं आणि उतरत उतरत ३ च्या जवळ येतं. मग गुणायचं कशाने? दुसरा मोह म्हणजे उरलेला वेळ कर्नलमध्येच काढून देण्याचा.

लिनक्समध्ये २००७ साली आलेल्या ‘पॉवर सप्लाय क्लास’ने हे दोन्ही मोह टाळले. ‘चार्ज’ नावाच्या फायली फक्त मायक्रोअँपिअर-तासात, ‘एनर्जी’ नावाच्या फक्त मायक्रोवॉट-तासात. हार्डवेअर जे देत नाही, ते ड्रायव्हरने गणिती मॉडेल लावून भरू नये, हे त्याच्या दस्तऐवजातच लिहिलंय. एसीपीआयचा ड्रायव्हर टक्के देतो, पण तो साधा भागाकार आहे. एसीपीआय लॅपटॉपवर उरलेला वेळ काढण्याचं काम यूपॉवरसारखे कर्नलबाहेरचे प्रोग्राम करतात.

असं का, ते एका उदाहरणातून बघू. मूळ क्षमता ५० वॉट-तास, आता पूर्ण चार्जला ४० भरतात आणि सध्या ३० उरलेत. ४० च्या हिशोबाने बॅटरी ७५ टक्के, ५० च्या हिशोबाने ६० टक्के. १० वॉट खर्च होत असतील तर ३ तास उरलेत. तेवढ्यात मोठा प्रोग्राम कंपाइल करायला घेतला आणि खर्च २० वॉट झाला, की राहिला दीड तास! बॅटरीत काहीच बिघडलं नाही, आपलं गृहीतक बदललं. गृहीतक कर्नलमध्ये गाडलं असतं, तर वरच्या प्रोग्रामला ते बदलताच आलं नसतं.

अर्थात ‘३० वॉट-तास’ हाही बॅटरीतल्या चिपने बांधलेला अंदाजच आहे. ती आत-बाहेर जाणारा करंट मोजून हिशोब ठेवते. प्रत्येक थर खालच्या थराचा अंदाज मोजमाप म्हणून घेतो.

म्हणून तुमच्या प्रयोगात ऊर्जेचा खर्च मोजायचा असेल, तर टक्के नोंदवू नका. एनर्जी किंवा चार्जची कच्ची किंमत, व्होल्टेज आणि वेळ नोंदवा. किंमत किती सेकंदांनी बदलते तेही तपासा, नाहीतर दहा वेळा तीच जुनी किंमत वाचून ‘दहा नमुने’ म्हणाल. कच्चा डेटा हाताशी असला की टक्के कधीही काढता येतात. टक्क्यांवरून मागे जाता येत नाही.