आईच्या आईचं नाव

अलिबागला गेलात की इस्रायल आळी लागते. तिथे मागेन आबोथ नावाचं ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ आहे. या आळीतली माणसं कोण आणि ती गेली कुठे, हे आज आम्ही सांगणार आहोत. त्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे.

हे लोक बेने इस्रायल. त्यांच्यात अशी आठवण सांगतात की, फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. त्यांची पुढची पिढी आपल्या गावागावांत पसरली. तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. बोली मराठी, बायकांचं नेसणं लुगडं आणि आडनावं आपल्याच गावांची: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर.

पुढे कामधंद्यासाठी बरीच घरं मुंबईला गेली. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि हजारो माणसं तिकडे निघाली. इथे त्यांना कुणी त्रास दिला नव्हता. आपल्या धर्माच्या भूमीत जायचं, ही ओढ होती. पण तिथे गेल्यावर सगळं सोपं नव्हतं. काम, घर, भाषा, सगळं नवं. भेदभावाची तक्रार करून काही कुटुंबं १९५२ मध्ये परतही आली.

खरी अडचण आली लग्नाच्या वेळी. इस्रायलमध्ये ज्यू लोकांची लग्नं धर्मसंस्थेमार्फतच लागतात. ज्यूंमध्ये आई ज्यू असेल तर मूल ज्यू, असा नियम आहे. बेने इस्रायल इतकी शतकं दूर राहिलेले, म्हणून तिथल्या काही धर्मगुरूंनी शंका काढली. १९६२ मध्ये असा हुकूम निघाला की, लग्न नोंदवताना आईचं घराणं, आईच्या आईचं घराणं, जमेल तितकं मागे जाऊन तपासा.

विचार करा. आडनावात गाव होतं. नावापुढे वडिलांचं नाव होतं. आणि विचारलं जात होतं आजी-पणजीबद्दल! लेकीचं लग्न त्या उत्तरावर अडलेलं.

लोक गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी धरणं धरलं. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं ठराव केला की, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत. त्यानंतर धर्मसंस्थेलाही हुकूमातून त्यांचं नाव काढावं लागलं.

आज बीरशेबा, अश्दोद, दिमोना या गावांत ही मंडळी राहतात. तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं. नवस फेडताना पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा अजूनही होतो. तो बनवणारे हात बहुतेक बायकांचेच.

मग आपल्या कामाचं काय? आपल्या घराण्याची वंशावळ विचारली तर सासऱ्यांपासून आजेसासऱ्यांपर्यंत नावं येतात. आईच्या आईचं नाव विचारलं तर किती जणी सांगू शकतील? माहेरचं गाव बदललं, आडनाव बदललं, की ती बाई कागदावरून पुसली जाते. वारस नोंदीच्या वेळी, माहेरच्या जमिनीत हिस्सा मागताना हेच आडवं येतं.

आता महाराष्ट्रात नियम आहे: १ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आपल्या मुलांचे दाखले एकदा काढून बघा. लग्नाची नोंद केली नसेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा.

आणि पुढच्या बैठकीला बचतीच्या वहीबरोबर एक कोरी वही आणा. स्वतःचं माहेरचं नाव, आईचं, आजीचं, पणजीचं, आणि त्यांची गावं लिहू या. जिला आठवत नाही, तिनं घरच्या म्हातारीला आजच विचारावं. ती आहे तोवरच ते नाव मिळेल.