राखणदाराचीही राखण करा

रात्री मळ्यातल्या वस्तीवर जाग येते ती कुत्र्याच्या भुंकण्याने. गोठ्यातली जनावरं, खळ्यावरचं धान्य, विहिरीवरची मोटर, सगळ्यांची राखण तोच करतो. बैल आजारी पडला तर आपण रातोरात डॉक्टर गाठतो. कुत्रा दोन दिवस जेवला नाही तर मात्र “खाल्लं असेल कुठं काहीबाही” म्हणून सोडून देतो. “कुत्र्याला कसली आलीय लस?” असं विचारणारेही गावोगाव भेटतात. पण कुत्र्याचं दुखणं कुत्र्यापाशीच थांबत नाही, ते घरातल्या लेकरांपर्यंत आणि गोठ्यापर्यंत पोचतं.

घशात हाड नसतं

पिसाळलेला कुत्रा म्हटलं की दिसेल त्याला चावत सुटलेला कुत्रा डोळ्यांपुढे येतो. पण या रोगाचा दुसरा, मुका प्रकारही आहे. त्यात कुत्रा अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, पाणी गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं, घशात हाड अडकलं. मग कोणीतरी तोंडात हात घालतं आणि तिथंच घात होतो. रोग लाळेतून पसरतो. बोटावरची साधी खरचटही त्याला पुरते. असा कुत्रा दिसला तर हात लावू नका, लेकरांना लांब ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात ताबडतोब कळवा.

कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. चुना, तिखट, हळद काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि लशीचे सगळे डोस पुरे करा. जखमेतून रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत सोडायचं इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायचा काळ केव्हाच गेला. आता लस दंडात देतात. चावणारा कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावा, पण तोवर लस घ्यायची थांबू नये. रोगाची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. गाय-म्हशीला कुत्रा चावला तरी जखम अशीच धुऊन लगेच डॉक्टरांना दाखवावी.

पिल्लू घरी आणल्यावर

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचा. पुढं डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, साधारण दरवर्षी. त्याआधी, सहा ते आठ आठवड्यांचं असताना, पार्व्हो आणि डिस्टेंपर यांची एकत्रित लस मिळते. उलट्या आणि घाण वासाची रक्ताची हगवण लागली तर पार्व्होचा संशय घ्या. पिल्लू एक-दोन दिवसांत सुकून जातं, म्हणून सकाळची वाट पाहू नका. डोळ्यां-नाकातून चिकट स्राव, ताप आणि पुढं झटके ही डिस्टेंपरची खूण.

गोचीड, लूत आणि जंत

कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड पाहत चला. गोचीडतापात कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर होते, कधी नाकातून रक्त येतं. औषध कुत्र्यावर मारून भागत नाही, त्याची बसायची जागा आणि भिंतीच्या फटीही साफ कराव्या लागतात. लूत लागली म्हणून जळकं ऑइल चोपडू नका, पिकावरची फवारणीची औषधंही लावू नका. कुत्रा अंग चाटतो आणि ते विष पोटात जातं. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्याही त्याला देऊ नयेत.

जंताचं औषध पिल्लाला पंधरा दिवसांचं झाल्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी द्यावं. जत्रेत, लग्नकार्यात बकरं कापलं की आतडी, काळीज-फुप्फुस कुत्र्यांपुढे टाकतात. त्यातल्या पाणीभरल्या गाठींतून कुत्र्याला एक बारीक पट्टकृमी होतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि चाऱ्यातून शेळ्या-मेंढ्यांच्या, न धुतलेल्या हातांतून आपल्या पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात तशाच गाठी धरतात. हा टाकाऊ भाग खोल खड्ड्यात पुरावा.

पंचायतीने मनावर घ्यावं

एकट्या-दुकट्याने लस टोचून गाव सुरक्षित होत नाही. गावातल्या दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. सरपंच आणि ग्रामसेवकांनी ग्रामसभेत हा विषय घ्यावा, पशुधन विकास अधिकाऱ्यांशी बोलून शिबिराचा दिवस ठरवावा, दवंडी द्यावी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्याच दिवशी शिबिर घेतलं तर दरवर्षी विसरही पडणार नाही. आणि मंडळी, शिबिराला येताना शेजारच्या वस्तीवरचा कुत्राही बरोबर आणा. त्याला लस टोचली तर आपल्याच लेकरांच्या वाटेवरचा धोका कमी होतो.