न्यायासनावरून उतरल्यानंतर

वकिलीच्या धंद्याविषयीं आपल्याकडे दोन समजुती रूढ आहेत. एक अशी कीं, वकील जें बोलतो तें पक्षकाराच्या पैशाचें असतें. दुसरी अशी कीं, वकिलाचा न्यायाधीश झाला म्हणजे त्याच्या आयुष्याचा कळस झाला. पुढें उरतें तें पेन्शन, सकाळचें फिरणें आणि जुन्या खटल्यांच्या आठवणी. या दोन्ही समजुतींना एका मराठी कायदेपंडिताच्या चरित्रानें चांगलाच धक्का दिलेला आहे. ते कायदेपंडित म्हणजे विठ्ठल महादेव तारकुंडे. बारा वर्षें ते मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. परंतु देशाला त्यांचें नांव परिचित झालें तें न्यायासनावर बसल्यामुळें नव्हे, तर तेथून उतरल्यानंतर त्यांनीं जें केलें त्यामुळें. निवृत्त विधिज्ञाचा समाजाला उपयोग कोणता, या प्रश्नाचें उत्तर त्यांच्या उदाहरणावरून शोधावयाचें आहे.

तारकुंडे यांचा जन्म ३ जुलै १९०९ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सासवड येथें झाला. वडील तेथेंच वकिली करीत आणि समाजसुधारक म्हणूनहि ओळखले जात. तारकुंडे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत आल्यावर पुण्यांत वकिली करूं लागले. जम बसत असतांनाच, १९४२ सालीं, त्यांनीं काळा डगला खुंटीला टांगला आणि मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमॉक्रॅटिक पक्षाच्या कार्याला पूर्ण वेळ वाहून घेतलें. १९४४ मध्यें देशाच्या आर्थिक उभारणीसाठीं 'पीपल्स प्लॅन' नांवाची जी योजना प्रसिद्ध झाली, तिच्या तीन कर्त्यांपैकीं ते एक होते. १९४८ सालीं ते पुन्हां वकिलीकडे वळले, तें मुंबईंत. १९५७ मध्यें त्यांची उच्च न्यायालयावर नेमणूक झाली.

येथपर्यंतचा क्रम एखाद्या बुद्धिमान गृहस्थाच्या चरित्राला शोभण्यासारखाच आहे. निराळेपणा दिसतो तो १९६९ सालीं. त्या वेळीं उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचें निवृत्तीचें वय ६२ होतें. म्हणजे तारकुंडे यांना आणखी सुमारें दोन वर्षें पदावर राहतां आलें असतें. त्यांनीं आपण होऊन पद सोडलें. आपल्या राज्यघटनेच्या २२० व्या अनुच्छेदानें असा निर्बंध घातलेला आहे कीं, ज्या उच्च न्यायालयांत एखादी व्यक्ति कायम न्यायाधीश होती, तेथें तिला पुन्हां वकील म्हणून उभें राहतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयांत अगर अन्य उच्च न्यायालयांत मात्र राहतां येतें. म्हणून तारकुंडे दिल्लीस गेले व सर्वोच्च न्यायालयांत वकिली करूं लागले. १९७० पासून 'रॅडिकल ह्यूमॅनिस्ट' हें मासिकहि त्यांनीं संपादकाच्या नात्यानें हातीं घेतलें.

१९७४ सालीं जयप्रकाश नारायण यांनीं 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी' ही संस्था काढली, तेव्हां तारकुंडे त्यांच्या बरोबर होते. निवडणुकींच्या पद्धतींत कोणते दोष आहेत व ते कसे दूर करावे, हें पाहण्यासाठीं जयप्रकाशांनीं त्यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. तिचा अहवाल १९७५ च्या आरंभीं बाहेर आला. मतदानाचें वय २१ वरून १८ वर आणावें, अशी तिची एक सूचना होती. दुसरी सूचना अशी कीं, निवडणूक आयोगाची नेमणूक एकट्या सरकारच्या इच्छेवर न ठेवतां पंतप्रधान, लोकसभेंतील विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या सल्ल्यानें व्हावी. या समितीमागें सत्ता नव्हती, सरकारी शिक्का नव्हता. होता तो केवळ अभ्यास.

अहवालाची शाई वाळली न वाळली तोंच, २५ जून १९७५ रोजीं, देशांत आणीबाणी पुकारली गेली. हजारों माणसें चौकशीवांचून तुरुंगांत पडलीं. अशा वेळीं कायद्यांत एक जुनें शस्त्र आहे. त्याचें नांव बंदीप्रत्यक्षीकरण. अटकेंतील मनुष्यास आमच्यापुढें हजर करा आणि कोणत्या कायद्यानें त्यास धरलें तें सांगा, असें न्यायालय या आज्ञेनें सरकारला फर्मावूं शकतें. परंतु आणीबाणींत मूलभूत हक्कांसाठीं न्यायालयाकडे जाण्याची वाटच बंद झाली असल्यामुळें ही आज्ञाहि मागतां येणार नाहीं, अशी सरकारची भूमिका होती. नऊ उच्च न्यायालयांनीं ती मानली नाहीं. वाद सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. तेथें बंदिवानांच्या बाजूनें जे वकील उभे राहिले, त्यांत तारकुंडे होते. सुनावणींत न्यायमूर्ति हंसराज खन्ना यांनीं महान्यायवादींना विचारलें कीं, एखाद्या पोलिस अधिकाऱ्यानें द्वेषानें कोणाचा जीव घेतला तर काय? त्यालाहि आणीबाणी चालू असेपर्यंत इलाज नाहीं, असें त्यांना कबूल करावें लागलें. तरीहि २८ एप्रिल १९७६ रोजीं चार विरुद्ध एक अशा मतांनीं निकाल सरकारच्या बाजूनें लागला. विरुद्ध मत देणारे एकटे खन्ना होते.

न्यायालयाचा दरवाजा बंद झाल्यावर वकिलानें काय करावें? तारकुंडे यांनीं न्यायालयाबाहेर काम मांडलें. आणीबाणी चालू असतांनाच, ऑक्टोबर १९७६ मध्यें, जयप्रकाशांच्या प्रेरणेनें नागरी स्वातंत्र्यासाठीं जी संघटना स्थापन झाली, तिच्या उभारणींत त्यांचा मोठा वांटा होता. हीच संस्था पुढें 'पी. यु. सी. एल.' या नांवानें देशभर परिचित झाली. १९७७ नंतर तर त्यांनीं पैशासाठींची वकिलीच थांबविली. उरलेलें आयुष्य हक्कांच्या कामासाठीं ठेवलें.

या कामाचें स्वरूप समजण्यासाठीं एकच प्रसंग पुरेसा आहे. आणीबाणीच्या काळांत आंध्र प्रदेशांत कित्येक नक्षलवादी तरुण पोलिसांशीं झालेल्या चकमकींत ठार झाले, असें सरकार सांगत असे. १९७७ सालीं जयप्रकाशांनीं याची चौकशी करण्यासाठीं तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखालीं एक नागरिक समिति नेमली. श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं, अशा समितीला कायद्यानें कसलाच अधिकार नसतो. तिला समन्स काढतां येत नाहीं, दप्तर जप्त करतां येत नाहीं, कोणाला शपथेवर बोलावयास लावतां येत नाहीं. तिच्यापाशीं जें असतें तें वकिलीच्या दीर्घ सरावानें आलेलें तारतम्य. डोळ्यांनीं पाहिलेलें कोणतें आणि ऐकीव कोणतें. साक्षीदारांच्या सांगण्यांत मेळ कोठें बसतो आणि कोठें बसत नाहीं. पुरावा जेथें थांबतो तेथें अनुमानानेंहि थांबावें, हें सर्व ज्याच्या अंगीं मुरलें आहे, त्याच्या अहवालाला वजन येतें. समितीनें तपासलेल्या घटनांत असा निष्कर्ष काढला कीं, त्या माणसांना आधीं पकडण्यांत आलें व मागाहून गोळ्या घालण्यांत आल्या. या अहवालामुळें प्रश्न देशाच्या चव्हाट्यावर आला आणि सरकारला न्यायमूर्ति वशिष्ठ भार्गव यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. मारले गेलेल्यांचीं राजकीय मतें तारकुंडे यांना मान्य नव्हतीं, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. हक्क हा आवडत्या माणसासाठीं वेगळा आणि नावडत्यासाठीं वेगळा नसतो, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.

मुंबईच्या पदपथांवर व झोपड्यांत राहणाऱ्यांना १९८१ मध्यें हुसकून लावण्याचें ठरलें, तेव्हां त्या लोकांच्या बाजूच्या वकिलांतहि ते होते. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, जगण्याच्या हक्कांत उपजीविकेचा हक्क येतो. त्याच निकालानें, योग्य रीतीनें अतिक्रमण हटविण्याचा महापालिकेचा अधिकारहि मान्य केला. म्हणजे जय पुरा नव्हे, अर्धाच.

खरें पाहतां, तारकुंडे यांच्या उत्तरायुष्याचा हिशेब खटल्यांच्या जयापजयांत मांडतां येत नाहीं. १९७६ चा पराभव कायम टिकला नाहीं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें असें ठरविलें कीं, जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क बजावून घेण्याची वाट आणीबाणींतहि बंद करतां येणार नाहीं. आणि २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आपला तो जुना निकाल स्वतःच रद्द ठरविला. मतदानाचें वय १९८९ पासून १८ झालें. निवडणूक आयोगाविषयींची सूचना मात्र अद्याप अधांतरीं आहे. मार्च २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें संसदेचा कायदा होईपर्यंत जवळजवळ तशीच व्यवस्था घालून दिली; परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या कायद्यानें सरन्यायाधीशांच्या जागीं एका केंद्रीय मंत्र्यास बसविलें.

१९९८ मध्यें तारकुंडे यांना पद्मभूषण मिळाला, आणि २२ मार्च २००४ रोजीं, वयाच्या ९५ व्या वर्षीं, ते निवर्तले. पद सोडल्यानंतरचीं पस्तीस वर्षें त्यांना लाभलीं; पदावरचीं होतीं बारा. अधिकार हा खुर्चीबरोबर जातो. परंतु पुरावा पारखण्याची दृष्टि, कायद्याची भाषा आणि समोरच्याचें म्हणणें ऐकून घेण्याची संवय हीं माणसाबरोबर राहतात. आपल्या शहराशहरांतून असे कित्येक अनुभवी वकील व न्यायाधीश घरीं बसलेले आहेत. ज्याला अटकेची नोटीस वाचतां येत नाहीं, किंवा ज्याची झोपडी उद्यां पडणार आहे, तो त्यांच्या दारापर्यंत सहसा येत नाहीं. तारकुंडे त्याच्याकडे आपण होऊन गेले. निवृत्त विधिज्ञाच्या लोकसेवेचा आरंभ तेथूनच होतो.