फाल्गुनरावाच्या संशयाची सव्वाशे वर्षं

गोविंद बल्लाळ देवलांनी सात नाटकं लिहिली. त्यांतलं पूर्णपणे स्वतंत्र एकच, ‘शारदा’. बाकीची सहा संस्कृतातून किंवा इंग्रजीतून आली, आणि त्यांतलं सगळ्यात लांबून आलेलं नाटक आज सगळ्यात जास्त आपलं वाटतं. मोलिएरनं 1660 साली पॅरिसमध्ये संशयी नवऱ्यावर एक छोटं प्रहसन लिहिलं. शंभर वर्षांनी, 1761 मध्ये, आर्थर मर्फीनं त्यावरून लंडनच्या रंगभूमीसाठी ‘ऑल इन द राँग’ रचलं. आणि सांगलीजवळच्या हरिपूरचे देवल यांनी 1893 मध्ये त्याचं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ केलं. हे गद्य नाटक होतं. पुढे 1916 साली त्यात पदं घालून गंधर्व नाटक मंडळीनं ते ‘संगीत संशयकल्लोळ’ या नावानं रंगभूमीवर आणलं. त्याच वर्षी देवल गेले.

म्हणजे नाटक आधी, पदं तेवीस वर्षांनी. या नाटकाच्या दीर्घायुष्याचं रहस्य मला या क्रमात दिसतं.

जगात ज्या संगीत विनोदी कृतीचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं, तिची घडण अगदी उलट आहे. ‘सिंगिंग इन द रेन’ हा हॉलिवूडचा चित्रपट 1952 चा. जीन केली आणि स्टॅन्ली डोनेन यांनी तो दिग्दर्शित केला. निर्माता आर्थर फ्रीड स्वतः गीतकार, आणि त्यानं नॅसिओ हर्ब ब्राऊनबरोबर केलेली जुनी गाणी एम.जी.एम.च्या कपाटात पडून होती. बेटी कॉम्डन आणि अडॉल्फ ग्रीन यांना सांगितलं गेलं की या गाण्यांभोवती गोष्ट रचा. त्यांनी गाणी ज्या काळात गाजली तोच काळ उचलला: मूकपट संपून बोलपट येतानाची धांदल. चित्रपट तेव्हा चालला, पण ऑस्कर एकही मिळालं नाही. आज जगभरचे समीक्षक त्याला पहिल्या दहांत बसवतात. तिथं गाण्यांनी गोष्टीला जन्म दिला. देवलांच्या गोष्टीला जन्माला यायला गाण्याची गरज पडली नाही, आणि म्हणूनच गाणं कमी पडलं तरी ती कोसळत नाही.

गोष्ट बघा किती थोडक्यात उभी राहते. रेवती रस्त्यात भोवळ येऊन पडते. वयस्कर फाल्गुनराव तिला सावरतो. हे त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या, नजरेला पडतं. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर त्या गडबडीत पडते आणि कृत्तिकेच्या हाती लागते. कृत्तिका ती न्याहाळत असताना मागून फाल्गुनराव येतो. झालं. बायकोला नवऱ्याचा संशय, नवऱ्याला बायकोचा, अश्विनशेठला रेवतीचा आणि रेवतीला अश्विनशेठचा. यात खलपुरुष नाही. कोणी कोणाला फसवत नाही. प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलेलं खरं आहे आणि प्रत्येकानं काढलेला अर्थ खोटा. या चौघांखेरीज भादव्या, वैशाखशेठ, रोहिणी, मघा नायकीण. देवलांनी नावंही सगळी पंचांगातून उचलली, त्यामुळे पात्रांची ओळख होतानाच प्रेक्षक हसू लागतो.

ती तसबीर नीट बघण्यासारखी आहे. हल्ली नाटक ‘आजचं’ करायचं म्हणून तिच्या जागी मोबाईल आणण्याची हौस कोणाला तरी होतेच. ते करू नये. तसबीर ही एकच वस्तू आहे. ती एका हातातून निघाली की दुसऱ्या हातात जाते, आणि ज्याच्या हातात असेल तो गुन्हेगार ठरतो. नाटकाचं सगळं गणित त्या एकुलतेपणावर आहे. मोबाईलमधला फोटो एकाच वेळी दहा जणांकडे असू शकतो. तो सापडला तरी काही सिद्ध होत नाही, आणि मग फाल्गुनरावाला थयथयाट करायला पायाच उरत नाही.

मिरजेचा आणि या नाटकाचा धागा बालगंधर्वांतून जातो. नागठाण्याच्या राजहंस घराण्यातल्या नारायणाचं, म्हणजे पुढच्या बालगंधर्वांचं, गाणं ऐकून कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला जवळ केलं. मुलाचा कान दुखत होता, म्हणून त्यांनी त्याला उपचारासाठी मिरजेला, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वानलेस यांच्याकडे पाठवलं. किर्लोस्कर नाटक मंडळीला नायिकेची गरज होती. 1905 साली मिरजेतच नारायणराव शकुंतला म्हणून पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले. जिथं ते उभे राहिले त्या हंसप्रभा थिएटरच्या जागी आज त्यांच्याच नावाचं नाट्यगृह आहे. किर्लोस्कर मंडळीचे तालीममास्तर होते देवल. अण्णासाहेब किर्लोस्करांचे हे शिष्य, आणि त्यांनीच या गायक मुलाला पद म्हणण्याआधी वाक्य बोलायला शिकवलं. पुढे गणपतराव बोडस, गोविंदराव टेंबे आणि बालगंधर्व यांनी 1913 मध्ये गंधर्व मंडळी काढली, तेव्हा देवल तिकडे गेले. ‘संशयकल्लोळ’ जन्मला तो गुरुशिष्यांच्या या नात्यातून. गणपतराव बोडस फाल्गुनराव, बालगंधर्व रेवती. त्या काळचा सर्वांत मोठा गद्य विनोदी नट आणि सर्वांत मोठा गायक नट एकाच प्रयोगात, आणि नाटकाचं वजन गायकावर नव्हे तर गद्य नटावर.

मिरज हे गाण्याचं गाव. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर इथं शिकले. अब्दुल करीम खाँसाहेब इथं स्थायिक झाले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. भोपळ्याचे तंबोरे आणि सतारी करणाऱ्या इथल्या कारागिरांच्या हातकामाला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशा गावात प्रेक्षक तिकीट काढतो ते दरबारी कानड्यातलं अश्विनशेठचं पद ऐकायला. समेला मान डुलते, वन्समोअर येतो. पण मध्यंतरात चहा घेताना लोक बोलतात ते फाल्गुनरावाबद्दल. घरी जाताना रिक्षात नक्कल होते तीही फाल्गुनरावाचीच. हे मिरजेत होत असेल, तर कुठंही होत असणार.

मग आपल्याकडेही बोलपट आले. 1931 मध्ये ‘आलम आरा’ आला आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. ‘सिंगिंग इन द रेन’मधली बडी नटी बोलपट आल्यावर आवाजामुळे उघडी पडते. आपल्याकडे उलट घडलं. बोलपटाला गाणारी माणसं हवी होती आणि ती संगीत रंगभूमीनं तयार करून ठेवली होती. ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्र झाले ते गंधर्व मंडळीचे एक संस्थापक गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचंच. पण पडद्यानं माणसं घेतली तसा प्रेक्षकही घेतला. गंधर्व मंडळीचे भरजरी शालू, अत्तरं, तिरखवाँसाहेबांचा तबला, कादरबक्षांची सारंगी, हा डोलारा कर्जात बुडाला. बालगंधर्व 1935 मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ म्हणून पुरुषवेषात उभे राहिले. प्रभातशी त्यांचं नातं त्या एका चित्रपटापुरतंच राहिलं.

या पडझडीत राजवाडे, दरबार, तपोवनं लागणारी नाटकं सगळ्यात आधी अडचणीत आली. ‘संशयकल्लोळ’ला लागतं काय? दोन घरं आणि एक रस्ता. एक सुरेल रेवती, एक तयारीचा अश्विनशेठ. फाल्गुनरावाच्या भूमिकेचं बळ संवादात आहे, तेव्हा गावातला एखादा चांगला गद्य नट ती पेलतो. हौशी मंडळींना परवडणारं असं दुसरं जुनं संगीत नाटक क्वचितच सापडेल. साताऱ्याकडच्या भाडळ्याचे छोटा गंधर्व यांचा अश्विनशेठ जुने रसिक अजून आठवतात. जयराम आणि जयमाला शिलेदारांच्या ‘मराठी रंगभूमी’नं जुनी संगीत नाटकं गावोगाव नेली. अलीकडे प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी हे नाटक पुन्हा उभं केलं, तेव्हा नाट्यसंगीत कधीही न ऐकलेली मुलं ते बघायला आली. इथंही जोडी तीच, बोडस-गंधर्वांची: एक विनोदाचा राजा, एक गळ्याचा.

सगळंच टिकलंय असं मी म्हणणार नाही. बायकांच्या स्वभावाबद्दलची काही वाक्यं आज कानाला बोचतात आणि ती खुशाल गाळावीत. पण एक गोष्ट गाळू नये, जी वेळेच्या कात्रीत हमखास जाते: रेवतीचा लग्नाचा हट्ट. ती नायकिणीची मुलगी आहे आणि तिला एकाशी संसार करायचा आहे. देवलांनी ‘मृच्छकटिका’तल्या वसंतसेनेपासून जरठाशी बांधल्या जाणाऱ्या शारदेपर्यंत हाच प्रश्न धरून ठेवला: लग्नाच्या बाजारात बाईच्या मनाला किंमत आहे की नाही. ‘संशयकल्लोळ’मध्ये तो हसण्याच्या आवाजाखाली आहे, पण आहे. अश्विनशेठनं संशय घेतल्यावर रेवतीला जे तुटतं ते यामुळे. बाकीच्यांचा संशय म्हणजे घरातलं भांडण. तिच्यावरचा संशय म्हणजे तिचं सगळं आयुष्य पणाला लागणं. हा भाग कापला की रेवती गाणी म्हणणारी सुंदर बाहुली होते, आणि फाल्गुनरावाचा दंगाही हलका पडतो.

सांगली-मिरजेच्या हौशी संस्था, महाविद्यालयं, स्पर्धेसाठी संगीत नाटक शोधणारे तरुण दिग्दर्शक यांना म्हणून एक विनंती आहे. ‘संशयकल्लोळ’ जरूर बसवा. पण पहिल्या तालमी पेटी-तबल्याशिवाय करा. पदं बाजूला ठेवून नुसतं गद्य बोला, 1893 चं नाटक आधी उभं करा. ते हसवू लागलं की मगच गवयाला बोलवा.